अभिजात अद्भुतकथा आणि हातात तुटपुंजा पैसा: चित्रपट कसा उभा करायचा?

प्रश्न थोडक्यात असा: एका गाजलेल्या, शंभर-सव्वाशे वर्षं जुन्या अद्भुत कादंबरीवर चित्रपट करायचा आहे. गोष्टीत पडका किल्ला आहे, शापित जंगल आहे, माणसाचं रूप घेणारा एक प्राणी आहे. पैसा जेमतेम आहे. व्हीएफएक्स, म्हणजे संगणकावरची दृश्यं करणाऱ्या स्टुडिओंकडून आलेली कोटेशन्स पाहून निर्मात्याने हात आखडता घेतलाय. अशा वेळी काय ठेवायचं, काय गाळायचं, आणि प्रेक्षक नको त्या जागी हसणार नाही याची तजवीज कशी करायची?

मी या कामात कला दिग्दर्शनाच्या वाटेने आले, नंतर पटकथा आणि दिग्दर्शनाकडे वळले. लहान बजेटचे अद्भुतपट पडतात ते बहुधा एकाच कारणाने: मोठ्या स्टुडिओने शेकडो माणसं बसवून जे दाखवलं तेच मूठभर माणसांत दाखवायचा अट्टहास. प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे मग तो महागडा चित्रपट तरळत राहतो आणि आपला त्याच्यापुढे केविलवाणा दिसतो. ज्यांनी कमी पैशांत खरोखर उत्तम काम केलं, त्यांनी दाखवायची रीत त्या पुस्तकातूनच उचललेली दिसते. पुस्तक गोष्ट कुणाच्या तोंडून सांगतं, त्यात चित्रं होती का, ते गाऊन ऐकवलं जायचं की पत्रांतून उलगडायचं, हे नीट पाहिलं की स्वस्तातली वाट तिथेच सापडते. माझ्या उत्तराचा गाभा हाच आहे, म्हणून आधी काही उदाहरणं.

कारेल झेमान या चेक दिग्दर्शकाने १९५८ मध्ये ज्यूल व्हर्नच्या ‘फेसिंग द फ्लॅग’ या कादंबरीवर चित्रपट केला. पाणबुड्या, पाण्याखालची झुंज, ज्वालामुखीच्या पोटात लपलेला चाच्यांचा अड्डा असा सगळा मामला. व्हर्नच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये कोरीव ठशांवरून छापलेली चित्रं असायची. सावली दाखवायला त्यात बारीक समांतर रेघा ओढलेल्या असत. झेमानने त्याच रेघा सेटवर, पडद्यांवर आणि पात्रांच्या कपड्यांवरसुद्धा काढून घेतल्या. जिवंत नट त्या रेघांच्या जगात हिंडतात. समुद्राची लाट खरी, तिच्यावरचं जहाज कागदावरचं, आणि दोन्ही एकाच चौकटीत सुखाने नांदतात. पुस्तकाचं पान हलायला लागलं तर कसं दिसेल, तेच झेमानने दाखवलं. त्यामुळे ‘हे खोटं दिसतंय’ ही तक्रार कुणाच्या मनात येत नाही.

दुसरं उदाहरण अलीकडचं. अमेरिकन भयकथाकार लव्हक्राफ्टची ‘द कॉल ऑफ कथुलू’ ही कथा १९२६ मध्ये लिहिली गेली आणि १९२८ मध्ये छापून आली. तिच्यात समुद्रातून वर आलेलं एक अख्खं शहर आहे आणि डोंगराएवढा प्राणी आहे. २००५ मध्ये लव्हक्राफ्टच्या चाहत्यांच्या एका संस्थेने ती पडद्यावर आणली, तीही अशी की जणू कथा लिहिली त्याच वर्षी चित्रपट निघाला असावा: मूकपट, कृष्णधवल, संवादांच्या पाट्या, आणि प्राणी स्टॉप मोशनमध्ये, म्हणजे बाहुली किंचित हलवत एकेक चौकट टिपून. लांबी ४७ मिनिटं. त्या काळच्या मूकपटात सेटच्या भिंती वेड्यावाकड्या असणं, प्राण्याची हालचाल किंचित अडखळती असणं हे चालूनच जायचं, किंबहुना त्यातच भीती होती. स्वस्तातला माल इथे त्या काळाची खूण होऊन बसला.

आणि यान श्वांकमायर या चेक दिग्दर्शकाची १९८८ची ‘ॲलिस’. लुईस कॅरलची गोष्ट एका मुलीला सांगितलेली आहे, म्हणून इथे मुलगीच सगळ्यांचे संवाद बोलते. ससा काही म्हणाला की तिच्या ओठांचा क्लोजअप येतो आणि ती सांगते, ‘असं पांढरा ससा म्हणाला.’ ससा म्हणजे पेंढा भरून काचेच्या कपाटात ठेवतात तसला प्राणी. तो पायातले खिळे उपटून निघतो, त्याच्या पोटाच्या शिवणीतून लाकडाचा भुसा गळत राहतो, आणि घड्याळ काढायचं झालं की तो त्याच भुशात हात घालून ते बाहेर ओढतो. घरात सापडतील अशाच वस्तू: मोजे, हाडं, सुया, जुनी कपाटं. पण एकदा ठरलं की एकाकी मुलीच्या खोलीतल्या वस्तूच जिवंत होणार, की मग अख्खं अद्भुतविश्व त्या खोलीत मावतं.

या तिन्ही चित्रपटांत प्रेक्षकाशी केलेला करार पहिल्या दोन-तीन मिनिटांत कळतो आणि शेवटपर्यंत पाळला जातो. नवशिक्या दिग्दर्शकांचं नेमकं इथे बिनसतं. पहिला अर्धा तास वास्तववादी, मग अचानक कापडी ड्रॅगन. किंवा सगळं कापडी-कागदी चाललेलं असताना मध्येच एक संगणकावरचा चकचकीत शॉट, कारण कुणी ओळखीचा तो फुकट करून द्यायला तयार होता. फुकट मिळालेला तो शॉट आजूबाजूच्या वीस शॉटची किंमत उतरवतो. तो घेऊ नका.

आपल्याकडच्या पहिल्यावहिल्या अद्भुतपटांतही हे दिसतं. दादासाहेब फाळक्यांच्या १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके राम आणि सीता या दोन्ही भूमिकांत होते. १९१९च्या ‘कालियामर्दन’मध्ये तर फाळक्यांनी सुरुवातीलाच कृष्ण झालेल्या आपल्या लहानग्या मुलीचे, मंदाकिनीचे, वेगवेगळे हावभाव दाखवले. ही एक मुलगी आहे, ती आता कृष्ण होणार आहे, हे आधी सांगून टाकलं. तिने नंतर डोहात उडी घेतली तेव्हा प्रेक्षकाला विश्वास ठेवायला काहीच अडचण नव्हती.

आता कामाकडे. पटकथेच्याही आधी हक्कांचा विषय उरकून घ्या. ‘जुनं पुस्तक आहे, कुणाचंही नाही’ इतकं म्हणून भागत नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क चालतो, युरोपातल्या बहुतेक देशांत ७०, आणि अमेरिकेत जुन्या पुस्तकांचा हिशेब प्रकाशनापासून ९५ वर्षांचा. म्हणजे एकच पुस्तक एका देशात मोकळं आणि दुसऱ्यात बंद असू शकतं. मूळ पुस्तक मोकळं असलं तरी तुम्ही वाचलेला अनुवाद मोकळा असेलच असं नाही. अनुवादकाचा हक्क वेगळा मोजला जातो. पटकथा त्या अनुवादातल्या वाक्यांवर उभी असेल तर अनुवादकाची परवानगी हवी, नाहीतर मुळावरून स्वतः काम करायला हवं.

याहून फसवी गोष्ट म्हणजे आधीचे चित्रपट. पुस्तकातलं काय आणि गाजलेल्या चित्रपटाने घातलेलं काय, हे आपल्या डोक्यात पार मिसळून गेलेलं असतं. ‘द वंडरफुल विझार्ड ऑफ ऑझ’ या १९००च्या पुस्तकात डोरोथीचे बूट चांदीचे आहेत. ते माणकाचे लाल झाले १९३९च्या चित्रपटात. १९८५ मध्ये दुसऱ्या स्टुडिओने ऑझवर चित्रपट केला तेव्हा लाल बूट वापरण्यासाठी त्यांना पैसे मोजावे लागले. फ्रॅंकेनस्टाइनच्या प्राण्याचं सपाट डोकं आणि मानेतले बोल्ट मेरी शेलीच्या १८१८च्या पुस्तकात शोधून सापडणार नाहीत. ते १९३१च्या चित्रपटाचं देणं आहे. विनी-द-पू हे अस्वल १९२६च्या पुस्तकातलं. १ जानेवारी २०२२ला ते अमेरिकेत मोकळं झालं आणि २०२३ मध्ये त्याच्यावर एक लाख डॉलरहून कमी खर्चात भयपट आला. त्यांनी टिगर या वाघाला घेतलं नाही, कारण टिगर १९२८च्या पुस्तकात पहिल्यांदा येतो. डिस्नेच्या अस्वलाचा लाल शर्टही टाळला. तो चित्रपट मला आवडत नाही, पण हक्कांचा अभ्यास त्यांनी चोख केला होता.

न केल्यास काय होतं ते १९२२च्या ‘नोस्फेरातू’ने दाखवून दिलं. ‘ड्रॅक्युला’वरून परवानगीशिवाय केलेला चित्रपट, नावं बदलली, शहर बदललं, तरी मूळ लेखक ब्रॅम स्टोकरच्या पत्नीने खटला भरला आणि १९२५ मध्ये जर्मन न्यायालयाने सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. काही प्रती वाचल्या म्हणून आज तो आपल्याला पाहायला मिळतो. आणि संगीत विसरू नका. नीना पेलीने २००८चा ‘सीता सिंग्ज द ब्लूज’ जवळपास एकटीने, घरच्या संगणकावर केला. रामायण सगळ्यांचं, चित्रं तिची स्वतःची. पण त्यात वापरलेल्या १९२०च्या दशकातल्या गाण्यांच्या रचनांवर हक्क शिल्लक होते आणि त्यापायी तिला सुमारे ५०,००० डॉलर उभे करावे लागले.

हक्क झाले की पुस्तक पुन्हा वाचायला घ्या, यावेळी हातात पेन्सिल घेऊन. प्रत्येक अद्भुत घटनेपुढे एकच गोष्ट लिहा: हे पुस्तकात प्रत्यक्ष घडताना दिसतं, की कुणी सांगितल्यामुळे कळतं? तुम्हाला धक्का बसेल इतक्या गोष्टी नुसत्या सांगितलेल्या निघतील. फ्रॅंकेनस्टाइनमध्ये तो प्राणी जिवंत होतो त्या जागी शेलीने यंत्रांचं वर्णन जवळजवळ केलेलंच नाही. पावसाळी रात्र, विझत आलेली मेणबत्ती, आणि उघडलेला एक निस्तेज पिवळा डोळा. बस. विजांचे लोळ आणि बुडबुडणाऱ्या नळ्यांची प्रयोगशाळा ही चित्रपटांची भर. मेणबत्ती आणि डोळा एवढ्यावर तुमचा सीन उभा राहू शकतो, आणि तो पुस्तकाच्या जास्त जवळचा असेल. ‘ड्रॅक्युला’तही पहिली चार प्रकरणं संपली की ड्रॅक्युला सरदारसाहेब फारसे समोर येतच नाहीत, डायऱ्या, पत्रं, तारा यांतून त्यांची चाहूल लागत राहते. त्यात जहाजाच्या कप्तानाची नोंदवही आहे. एकेक खलाशी नाहीसा होतोय, कप्तान रोज चार ओळी लिहितोय. एक जहाज, थोडी माणसं, रात्र. पाचशे पानांची कादंबरी हातात असली तरी चित्रपट अशा एका प्रकरणाचा करता येतो, आणि मी तर कमी बजेटमध्ये तोच करावा असं म्हणेन. अख्खी कादंबरी दीड तासात कोंबली की प्रत्येक सीनला नवी जागा, नवा सेट, नवे कपडे लागतात आणि पैसा तिथेच संपतो. कथा किंवा दीर्घकथा मिळाली तर उत्तमच.

गाळून गाळून शेवटी एकच अद्भुत गोष्ट राहते, जिच्याशिवाय ही गोष्ट गोष्टच राहणार नाही. पैशांतला मोठा वाटा तिच्यावर घाला.

रॉजर कॉर्मनने १९६०मध्ये एडगर ॲलन पोच्या अशर घराण्याच्या कथेवरचा चित्रपट पंधरा दिवसांत शूट केला. वितरकाला चिंता होती की यात राक्षस कुठाय. कॉर्मनचं उत्तर होतं की घर हाच राक्षस आहे. एकदा हे ठरल्यावर सगळा पैसा घरावर गेला: चार-पाच माणसं, एक वाडा, धुकं. इतर चित्रपटांच्या सेटचे सुटे भाग स्वस्तात घेऊन त्याच्या कला दिग्दर्शकाने ते जोडून प्रचंड दालनं उभी केली. शेवटी घर जळतं, त्यासाठी पाडायला काढलेलं एक जुनं कोठार रात्री पेटवून त्याचं चित्रण केलं, आणि कोसळणाऱ्या जळत्या तुळयांचे ते शॉट पुढच्या पो-चित्रपटांत पुन्हा पुन्हा वापरले. यातून शिकण्याची गोष्ट नुसत्या काटकसरीपेक्षा मोठी आहे. पोच्या कथेतच घर आणि घराणं यांचा जीव एक आहे. कॉर्मनने कथा नीट वाचली होती.

कॅमेऱ्यातच होणाऱ्या युक्त्यांबद्दल थोडं तपशिलात सांगते, कारण आज त्या कुणाला करून पाहाव्याशा वाटत नाहीत आणि त्यांना पैसा जवळजवळ लागत नाही. झाँ कोक्तोने ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ केला तो महायुद्ध नुकतंच संपलेल्या फ्रान्समध्ये. फिल्म मिळत नव्हती, वीज जायची, चादरींसाठीही धावाधाव. तो प्रदर्शित झाला १९४६मध्ये. त्यात वाट चुकलेला व्यापारी रात्री किल्ल्यात शिरतो. अंधारी वाट, दोन्ही भिंतींमधून माणसांचे उघडे हात बाहेर आलेले, प्रत्येक हातात शमादान. तो पुढे येईल तशा मेणबत्त्या आपोआप पेटत जातात. हे कसं केलं? हात खऱ्या माणसांचे, पडद्याच्या मागे उभ्या असलेल्या. मेणबत्त्या आधी पेटवून ठेवल्या, मग एकेक विझवत नेल्या, आणि तो तुकडा उलटा चालवला. अर्थात नटाला उलटं चालावं लागलं. म्हणूनच त्याच्या चालण्यात एक विचित्र तरंगणं आलं आहे, जे सुलट्या चित्रणातून कधी मिळालं नसतं. पुढे ब्यूटी त्याच किल्ल्यातून जाते ती पाय न हलवता, चाकांच्या फळीवर उभी राहून, ओढत नेलेली. परीकथेत वस्तू सेवा करतात आणि माणूस स्वतःच्या मर्जीबाहेर चालतो. दोन्ही गोष्टी फळी, चाकं आणि काही माणसांच्या दंडांवर साधल्या.

उलटं चित्रण आज कुठल्याही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये एका क्लिकचं काम आहे. पण शूटिंगच्या वेळी नटाला उलट्या क्रमाने हालचाल बसवावी लागते, आणि त्यासाठी तालीम हवी. कापड पडणं, धूर, पाणी, केस यांना उलटं केलं की लगेच अद्भुत वाटतं. चेहऱ्यावरचे भाव उलटे केले की मात्र बहुधा विनोदी होतात, तेव्हा चेहरा वळवून घ्या किंवा अंधारात ठेवा. १९१०मध्ये एडिसनच्या कंपनीने फ्रॅंकेनस्टाइनवर छोटा मूकपट केला, त्यात प्राण्याचा पुतळा जाळून ते चित्रण उलटं फिरवलंय. आगीतून मांस जमत जमत सांगाडा भरत येतो. आजही अंगावर काटा येतो.

आणि काहीच युक्ती न करता भूत दाखवायचं असेल तर जपानी दिग्दर्शक मिझोगुचीचा ‘उगेत्सु’ पाहा. १९५३चा चित्रपट, आधार उएदा अकिनारी यांच्या १७७६च्या कथासंग्रहाचा. नवरा बऱ्याच काळाने घरी परततो. घर अंधारं, चूल थंड, कुणी नाही. तो हाका मारत मागच्या दाराने बाहेर पडतो आणि घराला वळसा घालतो. कॅमेरा आतच राहतो, खिडक्यांमधून त्याला दिसेल तसा टिपत परत वळतो. तो पुढच्या दाराशी येतो तेव्हा चूल पेटलेली आहे आणि बायको तिच्यापाशी बसली आहे. मध्ये कट नाही. कॅमेऱ्याची नजर दुसरीकडे असताना नटी येऊन बसली आणि कुणीतरी विस्तव पेटवला, इतकंच. कट असता तर प्रेक्षक म्हणाला असता, जोडलंय. कट नाही म्हणून त्याचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास ढळतो. असा शॉट बसवायला अख्खी दुपार जाते. तेवढी दुपार शेड्यूलमध्ये राखून ठेवा, ती भाड्याच्या कुठल्याही उपकरणापेक्षा जास्त देते.

प्राण्याकडे येऊ. सूट घातलेला माणूस ओळखू येतो तो गुडघ्यांमुळे आणि खांद्यांमुळे. रबराचा मुखवटा कितीही सुंदर असू दे, चाल माणसाची असेल तर खेळ संपला. टेरी गिलियमच्या १९७७च्या ‘जॅबरवॉकी’त यावर छान तोड काढलेली आहे: सूटमधला माणूस पाठमोरा चालतो, त्यामुळे प्राण्याचे गुडघे पक्ष्यासारखे मागे वाकतात. असं काही सुचेपर्यंत मुखवट्यावर खर्च करू नका. आधी साधं कापड गुंडाळून फक्त आकृती पाठीमागून प्रकाश देऊन पाहा. आकृती माणसाची वाटली नाही की मग बारकावे. कातडी ओली ठेवा, ओल्यावर प्रकाश तुटतो आणि रबराचा सपाटपणा झाकला जातो. चिकट लाळेसाठी मिथाइल सेल्युलोजचं पातळ मिश्रण चालतं. आणि पूर्ण प्राणी एका शॉटमध्ये किती वेळ ठेवायचा ते एडिटर ठरवेल, दिग्दर्शक नाही. दिग्दर्शकाचा त्याच्यावर फार जीव जडलेला असतो.

धुक्याबद्दल एक सावधगिरीची गोष्ट. स्मोक मशीन हे गरिबाचं मॅट पेंटिंग (सेटच्या जागी जोडायचं रंगवलेलं दृश्य) आहे, चार झाडांचं जंगल करून देतं, म्हणून सगळेच ते वापरतात. पण धूर दोन टेकमध्ये सारखा राहत नाही आणि एडिटमध्ये शॉटला शॉट जुळत नाही. दारं बंद करून, धूर पसरू देऊन, प्रत्येक टेकआधी एकच माणूस ठरावीक जागेवरून तो नजरेने मोजेल अशी व्यवस्था करा. जमिनीलगत लोळणाऱ्या धुक्यासाठी ड्राय आइस वापरणार असाल तर तो कार्बन डायऑक्साइड आहे आणि हवेपेक्षा जड आहे हे युनिटमधल्या प्रत्येकाला सांगा. बंद सेटवर जमिनीवर झोपलेला नट किंवा खाली बसलेला फोकस पुलर (कॅमेऱ्याचा फोकस सांभाळणारा) पहिल्यांदा गुदमरतो. हवा खेळती ठेवल्याशिवाय आणि खाली माणूस असताना ते वापरायचंच नाही. मेणबत्त्या, मशाली यांच्या वेळी पाण्याच्या बादल्या आणि अग्निशामक हाताशी हवेतच.

ग्रीन स्क्रीन, म्हणजे हिरव्या कापडासमोर शूट करून मागे नंतर दुसरं दृश्य जोडणं, स्वस्त पडते हा गैरसमज फार पसरला आहे. हिरवं कापड स्वस्त असतं. त्यावर सारखा प्रकाश, नटाच्या अंगावर पार्श्वभूमीशी जुळणारा प्रकाश, केसांच्या कडा, नंतरचं कम्पोझिटिंग (वेगवेगळी चित्रं एका चौकटीत जोडणं), हे सगळं महाग आहे, आणि कमी पैशांत नेमकं तेच वाईट होतं. संगणकाकडून वस्तू पुसून घ्या, बनवून घेऊ नका: दोऱ्या पुसा, विजेच्या तारा पुसा, बाहुली चालवणाऱ्याचा हात पुसा. कॅमेरा स्थिर ठेवून रिकाम्या चौकटीचा एक शॉट वेगळा घेऊन ठेवलात तर हे काम एखादा होतकरू मुलगा घरी बसून करतो. किल्ल्यासाठीही तेच, एक जागा चांगली मिळाली तर तिलाच चार बाजूंनी चार किल्ले करा. ‘माँटी पायथन अँड द होली ग्रेल’ या १९७५च्या चित्रपटात स्कॉटलंडमधला डून कॅसल असाच वेगवेगळे किल्ले म्हणून वापरला आहे, आणि घोड्यांसाठी पैसे नव्हते म्हणून नारळाच्या करवंट्या वाजवल्या आहेत.

करवंट्यांवरून आवाज. माझ्या मते कमी बजेटच्या अद्भुतपटात कॅमेऱ्याइतकाच पैसा आवाजावर जायला हवा आणि तो कधीच जात नाही. रोबेर ब्रेसाँने १९७४मध्ये राजा आर्थरच्या दरबाराची गोष्ट घेऊन ‘लान्सलो’वर चित्रपट केला, त्यातली भाल्यांची स्पर्धा अभ्यासून पाहा. घोड्यांचे पाय, भाल्याचं टोक, वर चढणारं निशाण, बॅगपाइपचे तेच सूर, आणि धडक. पुन्हा पाय, पुन्हा निशाण. समोरासमोरची अख्खी लढाई तो क्वचितच दाखवतो, तरी सबंध मैदान कानांना दिसतं. तुमच्या प्राण्याचा श्वास, त्याची नखं फरशीवर वाजतात तो आवाज, तो भिंतीपलीकडे फिरतो तेव्हा लाकूड कसं कण्हतं, हे पटकथेतच लिहा. फोलीवाल्याला, म्हणजे पावलं-वस्तूंचे आवाज नंतर करून देणाऱ्याला, शूटिंगच्या आधी भेटा, जेणेकरून कुठला शॉट घ्यायचीच गरज नाही हे तुम्हाला कळेल.

नटांबद्दल एवढंच की समोर नसलेल्या गोष्टीकडे पाहताना सगळ्यांची नजर एकाच बिंदूवर पडली पाहिजे, आणि त्यांना त्या गोष्टीचा वास, उंची, वेग आधी सांगितलेला असला पाहिजे. ‘घाबरल्यासारखं करा’ एवढ्यावर सोडलं की प्रत्येक जण वेगळ्या चित्रपटात घाबरतो. संवादांत पुस्तकाची चार-दोन वाक्यं जशीच्या तशी ठेवा, बाकी आजच्या तोंडी बसतील अशी करा. सगळेच ग्रांथिक बोलायला लागले की कपडे भाड्याचे आहेत हे लगेच कळतं.

पटकथा पक्की करण्याआधी एक चाचणी घ्या. ती एकमेव अद्भुत गोष्ट, जिच्यावर पैसा घालायचं ठरवलंय, तिचा दोन मिनिटांचा तुकडा हाती असलेल्या कॅमेऱ्यावर, कच्च्या साहित्यात शूट करा, आवाज मात्र नीट लावा. पुस्तक न वाचलेल्या चार-पाच लोकांना अंधाऱ्या खोलीत दाखवा. त्या वेळी पडद्याकडे न पाहता त्यांच्याकडे पाहा. हसले तर कुठल्या शॉटवर हसले ते लिहून घ्या. तो शॉट बहुतेक वेळा गरजेपेक्षा लांब असतो किंवा त्यात प्राणी गरजेपेक्षा जास्त दिसत असतो. तो अर्ध्यावर कापा, उरलेलं आवाजावर सोडा, आणि नव्या माणसांना बोलावून पुन्हा दाखवा. त्या तुकड्याला माणसं गप्प राहू लागली की त्याच रीतीने बाकीचे सीन लिहायला घ्या, आणि निर्मात्याला कोटेशनऐवजी तो तुकडा दाखवा.